डिकीतला सेल्फ

लाईट आज काही येत नाही. गाद्या इकडे ओढा, गच्चीवर आत्ताच पाणी शिंपडलंय, सिमेंट जरा निवू द्या. सांगतो. पण ही गोष्ट नव्हे, घडलेलं आहे. रुपराव खडतकर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाला बावीस वर्षं बसला. त्यानं जन्मात थाप मारली नाही. थाप मारायला डोक्यात जे लागतं, ते देवानं त्याला दिलंच नव्हतं.

शनिवार, बारा मे एकोणीसशे एकोणऐंशी. संध्याकाळी साडेपाचला रुपराव कामठी रोडवरच्या वर्कशॉपात आपली गाडी घ्यायला गेला. गाडी नवी कोरी. सात वर्षं नंबर लावून बसला होता, तेव्हा कुठे जानेवारीत हाती आली. टेकडीच्या गणपतीपुढे नारळ फोडला, चारी चाकांखाली चार लिंबं चिरडली, आणि सातव्या आठवड्यात गाडीनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, हेडक्लार्कला गाडी कशाला? रुपरावचं घर आज जिथं मनीषनगर आहे तिथं होतं. तेव्हा तिथं शेतं होती, चुन्याच्या रेषा मारलेले लेआउट होते आणि अख्ख्या माळावर सहा घरं. वर्धा रोडला यायचं तर मधे रेल्वेचं फाटक. दिवस मावळला की तिकडे सायकलरिक्षावाला पाय ठेवत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याची एकुलती मुलगी शामला पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. रात्री कळा सुरू झाल्या. रुपराव कंदील घेऊन फाटकापर्यंत चार चकरा मारून आला, एक वाहन मिळालं नाही. पहाटे दूधवाल्याच्या टांग्यातून पोरीला नेलं. पोरगी वाचली, बाळ नाही. त्यानंतर रुपरावनं वाट्याचं शेत विकलं आणि पूर्वी हौसेनं लावलेला गाडीचा नंबर कधी लागतो याची वाट बघत बसला. आता शामला पुन्हा घरी आली होती, नववा लागला होता. बायको कौसल्या म्हणत होती, पोरीला सीताबर्डीला माझ्या भावाकडे ठेवू, दवाखाना जवळ पडतो. रुपराव म्हणायचा, दारात गाडी असून पोरीला दुसऱ्याच्या घरी कशाला ठेवायचं?

आणि गाडी म्हणावी तर तिचा सेल्फ लागेना. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनाला पहिली गती देणारी मोटर. दहा वेळा लागायचा, अकराव्या वेळी टक् करून गप्प. नागपुरात गाडी बंद पडली की पानठेल्यावरचे सगळे मेकॅनिक होतात. कोणी म्हणालं बॅटरीच्या टर्मिनलला पांढरं साचलं असेल, कोणी म्हणालं इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका, एकानं तर गाडीची दृष्ट काढायला सांगितली. रुपरावनं दृष्ट सोडून सगळं केलं.

वर्कशॉपात नेली की मात्र गाडी शहाण्या सुनेसारखी वागायची. तिथला फोरमन वामनराव म्हणजे एक नमुना होता. तो कोणाचं तोंडी ऐकून घेत नसे. काऊंटरवर जॉबकार्डाचं पुस्तक. एका नंबराच्या तीन प्रती, पांढरी ऑफिसला, पिवळी वर्कशॉपला, गुलाबी गिऱ्हाईकाला. तक्रारीच्या रकान्यात गिऱ्हाईकानं आपल्या हातानं लिहायचं, खाली वामनराव सही करणार, मगच गाडीला हात. पाच वाजले की पुस्तक ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली वामनरावच्या जानव्याला. कोणी हुज्जत घातली की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं.

"साहेब, जे कार्डावर नाही, ते गाडीत नाही."

तीनदा रुपरावनं लिहून दिलं, तीनदा त्याखाली लाल शाईत आलं, "तक्रार आढळली नाही." चौथ्यांदा गाडी वामनरावच्या टेबलासमोरच मेली, तेव्हा नाइलाजानं नवा सेल्फ बसवून मिळाला.

आता रुपरावची एक खोड सांगतो. खोड त्याची एकट्याची नव्हती, तेव्हाच्या सगळ्या गाडीवाल्यांची होती. बदललेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय तो वर्कशॉप सोडत नसे. नाहीतर बदललाच की नाही, कोणी सांगावं? त्यासाठी गाडी देण्याआधी तो खिळ्यानं पार्टावर खूण करून ठेवायचा, 'र' असा. त्या शनिवारीही त्यानं जुना सेल्फ मागितला. वामनरावनं टाळाटाळ केली. रुपराव हटला नाही, टेबलावर हात आपटला, चार गिऱ्हाइकं जमा झाली. शेवटी आतून तेलकट चिंध्यांत बांधलेलं एक जड गाठोडं आलं. रुपरावनं "जुना पार्ट मिळाला" अशी सही केली आणि गाठोडं डिकीत टाकलं. फाटक बंद व्हायच्या आत घर गाठायचं होतं. चिंधी सोडून खूण पाहायची तेवढी त्या दिवशी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी उतरलेली.

नवा सेल्फ, नवी गाडी, आणि बॅटरी अशी रिकामी की हॉर्नसुद्धा वाजेना. रुपरावनं इंजिनाला पुढून हँडल मारून मारून हाताची सालटी काढली. सीताबर्डीच्या बॅटरीवाल्याकडून चार्ज करून आणली, बसवली, गाडी एका दमात लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कुठेतरी वायर लीक असेल, बॅटरीवाला म्हणाला. सगळ्या वायरी तपासल्या. सगळ्या ठीक.

मे महिना. रुपराव अंगणात गाडीशेजारीच खाट टाकून झोपायचा. चौथ्या रात्री त्याला जाग आली. कोणीतरी गाडी सुरू करत होतं. घर्र... घर्र... घर्र... सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. तो उठून बसला. गाडीत कोणी नव्हतं. दारं बंद, किल्ली त्याच्याच उशाखाली. आवाज मंदावत गेला, जसा बॅटरी संपताना मंदावतो, आणि शेवटी एकदा टक् होऊन थांबला. त्यानं टॉर्च लावून घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं.

कौसल्येला त्यानं सांगितलं नाही. घरात पोटुशी पोरगी, असलं कोण बोलणार? दुसऱ्या रात्री त्यानं साधा उपाय केला. बॅटरी काढून घरात नेली आणि पलंगाखाली ठेवली. आता फिरव बाबा काय फिरवायचं ते. तो खाटेवर जागाच पडून राहिला.

एक वीस झाले.

घर्र... घर्र... घर्र...

बॅटरी घरात पलंगाखाली होती. रुपराव सांगायचा, त्या वेळी पहिल्यांदा मी घामानं भिजलो, पण घाम थंड होता.

सकाळी त्यानं डिकी उघडली. खालचा गालिचा ओला होता. विहिरीला पाणी नाही, नळ दोन दिवसाआड येतो, आणि डिकीत पाणी. त्यानं गाठोडं सोडलं. सेल्फवर कुठेही 'र' नव्हता. दुसऱ्याच कोणाचा सेल्फ होता तो, आणि त्याच्या भोकांतून नदीकाठी असतो तसला काळा गाळ निघत होता.

एकोणीस तारखेला, शनिवारी, तो वर्कशॉपात गेला. वामनराव जेवायला गेला होता. देवाजी नावाचा एक म्हातारा मेकॅनिक तिथं होता, त्याला रुपरावनं सेल्फ दाखवला. देवाजीनं हात नाही लावला. रुपरावला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

"तुमचा सेल्फ वामनरावनं कवाच दुसऱ्या गाडीले बसवून देल्ला, साहेब. तुम्ही हल्लागुल्ला केला, त म्हणे जो दिसते तो बांधून दे. हा मुकुंदरावच्या गाडीचा होय."

मुकुंद देवतळे, कुहीकडचा लाकडाचा ठेकेदार. त्याच्याही गाडीचा सेल्फ असाच लागत नसे. तोही चारदा आला, चारदा त्याच्या कार्डावर लाल शाई चढली. मागच्या जुलैत तो पाचव्यांदा आला तेव्हा पाच वाजून गेले होते. वामनराव म्हणाला, पुस्तक बंद झालं, उद्या या. मुकुंदरावला घरी जाणं भाग होतं. धो धो पाऊस, अडत अडत मध्यरात्रीनंतर नाल्यावर पोचला, तिथं रपटा. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीलगतचा बुटका पूल. बरोबर रपट्याच्या मधोमध गाडी बंद पडली. काठावर एका झोपडीत माणसं होती, त्यांनी ऐकलं. अंधारात बराच वेळ सेल्फ फिरत होता. मग पाणी वाढलं आणि आवाज थांबला. गाडी टोचन करून इथंच आणली, मागे ताडपत्रीखाली होती, पुढे भंगारात गेली. सेल्फ तेवढा बाकावर राहिला.

रुपरावनं विचारलं, किती वाजता? देवाजी म्हणाला, मुकुंदरावच्या हातातलं घड्याळ बंद पडलं होतं ते एक वीसला.

वामनराव आला तसा रुपराव सेल्फ घेऊन त्याच्यापुढे उभा राहिला. हा परत घ्या, म्हणाला. वामनरावनं कागद काढून रुपरावचीच सही दाखवली. मिळाला म्हणून लिहून दिलंय, आता दिलेलं सामान वापस घेता येत नाही. रुपरावनं हात जोडले. वामनराव पान लावत बसला.

येताना एका पुलावर रुपरावनं गाडी थांबवली. फेकून द्यावं खाली, मिटलं. डिकी उघडून त्यानं सेल्फला हात लावला. भर दुपारी, मे महिन्यात, माठासारखा गार. त्याच्यानं फेकवलं नाही. चार वेळा लिहून देऊन ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्या माणसाला नाल्यात कसं फेकायचं? त्याला रडू आलं, असं त्यानंच मला सांगितलं. घरी येऊन तो कौसल्येला म्हणाला, तुझं खरं, उद्या सकाळीच पोरीला तुझ्या भावाकडे नेऊ.

ती उद्याची सकाळ मधेच अडली. त्याच रात्री एकच्या सुमारास शामलाला कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधी.

रुपराव धावत सुटला. बॅटरी पलंगाखालून ओढून अंगणात आणली. कौसल्येनं पोरीला धरून मागच्या सीटवर बसवलं. बोनेट वर. दातांत टॉर्च. हातात पाना. पहिली वायर लावली. दुसरी वायर अजून हातातच होती.

घर्र... घर्र... घर्र...

त्याच्या हातातून पाना पडला. आवाज पुढून नव्हता. मागून येत होता. डिकीतून. शामलाच्या पाठीमागून.

त्यानं घाईनं दुसरी वायर लावली. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा. दिवासुद्धा लागेना. हँडल घातलं. एकदा. दोनदा. दहादा. इंजिन दगड झालं होतं. आणि मागे ते चालूच... घर्र... घर्र... मंद होत चाललेलं.

"बाबा," शामला म्हणाली, "माह्या पायाशी पाणी आलं."

कौसल्या म्हणाली, येतं पोरी, अशा वेळी येतंच. तिनं वाकून टॉर्च मारला. हात घातला. मग तो हात टॉर्चच्या उजेडात धरला.

"काय वं?" रुपरावनं विचारलं.

"थंड हाय," ती म्हणाली. "गढूळ हाय. अवो... चढून राहिलं."

रुपराव फाटकाच्या दिशेनं दहा पावलं धावला. परत आला. कुठे जाणार? सहा घरं, त्यांतली चार सुटीत गावाला गेलेली. शामला ओरडली. दोन वर्षांपूर्वी अशीच ओरडली होती. तोच माळ. तोच अंधार. तेव्हा हातात कंदील होता, आता दारात गाडी होती. एवढाच काय तो फरक.

तो गाडीच्या मागे गेला. मंत्र त्याला येत नव्हते. अंगारा घरात नव्हता. बावीस वर्षं माणसानं अर्ज आणि तक्रारीच हाताळल्या, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं डिकीवर दोन्ही हात टेकले. पत्रा बर्फासारखा.

"मुकुंदराव," तो म्हणाला. "मी बी तुमच्यासारखा गिऱ्हाईकच आहो. तुमची तक्रार कोणी लिहून नाही घेतली, मले माहीत आहे... सोमवारी मी जातो. तुमचं कार्ड मी उघडवतो. पोरीची शपथ. आज मले जाऊ द्या."

घर्र...

घर्र...

मग काही नाही.

रातकिडेसुद्धा गप्प. रुपराव पुढे गेला. बसला. किल्ली फिरवली. गाडी एका दमात लागली.

फाटक उघडं होतं. रुपराव वर्धा रोडनं मेडिकलच्या दवाखान्यात कसा पोचला, त्याला आठवत नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. बाळ बाळंतीण सुखरूप. नर्सनं कौसल्येला एवढंच विचारलं, हिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं कशानं भरले?

सोमवारी दहाला रुपराव सेल्फ घेऊन वर्कशॉपात हजर. त्यानं वामनरावला सांगितलं, मुकुंद देवतळे यांच्या नावानं कार्ड उघडा, तक्रार मी सांगतो. वामनराव आधी हसला, मग चिडला. मेलेल्या माणसाचं कार्ड? भंगारात गेलेल्या गाडीचं? रुपरावनं शब्द दिला होता, तो गिऱ्हाइकांसमोर वामनरावच्या पाया पडला. माझी दोन दिवसांची नात आहे, म्हणाला, एक पान खराब झालं तर तुमचं काय जाते?

"गाडी आणा," वामनराव म्हणाला. "गाडी आणा, कार्ड उघडतो."

पुस्तक ड्रॉवरमध्ये गेलं. कुलूप लागलं. रुपराव तिथंच उभा राहिला. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं चिंधीतला सेल्फ काऊंटरवर ठेवला आणि तो निघाला. वामनराव मागून ओरडत होता, उचला हे, उचला. त्यानं वळून पाहिलं नाही.

त्या रात्री तो गाडीशेजारी खाटेवर डोळे उघडे ठेवून पडला. शब्द पाळता आला नव्हता. एक वाजला. एक वीस झाले. कान फुटतील इतकं शांत. आवाज नाही आला. रुपराव म्हणायचा, आवाज यायचा तेव्हा भीती वाटत होती, पण तो आला नाही तेव्हा जास्त वाटली. कारण तो कुठे गेला असेल, हे मनात यायला लागलं.

मंगळवारी सकाळी सातला दारासमोर रिक्षा थांबली. आतून वामनराव उतरला. जो माणूस जन्मात गिऱ्हाईकाच्या दारी गेला नव्हता, तो. मी त्या वेळी तिथंच होतो, नात घरी आली म्हणून पेढे खायला गेलो होतो. वामनरावच्या काखेत जॉबकार्डाचं पुस्तक होतं. ते त्यानं ओट्यावर ठेवलं, तर ओट्यावर पाण्याचा ओघळ आला.

"कुलूप लागूनच होतं," तो म्हणाला. "किल्ली माह्या गळ्यातच होती, साहेब."

रुपरावनं पुस्तक उघडलं. काल संध्याकाळपर्यंत कोरं असलेलं पान भरलेलं होतं. नाव, मुकुंद देवतळे. गाव, गाडीचा नंबर. वेळ, रात्री एक वीस. तक्रारीच्या रकान्यात मोठ्या, गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, "सेल्फ लागत नाही. पाणी चढून राहिलं." खाली वामनरावची सही.

"सही माहीच हाय," वामनराव म्हणाला. "मी केली नाही. पण माहीच हाय." मग त्यानं एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. गाडी परत देण्याची तारीख. "इथं काय लिहू मी, साहेब? तुम्हीच सांगा. काय लिहू?"

रुपरावनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. कौसल्यावहिनी पेढ्यांचा डबा हातात धरून दारातच उभ्या होत्या. आत बाळ रडायला लागलं, तरी कोणी हललं नाही.

रुपरावनं ते ओलं पान जपून उचललं. पांढरी प्रत होती. तिच्याखाली पिवळी होती.

गिऱ्हाईकाची गुलाबी नव्हती. टिंबांच्या रेषेवरून, सरळ, घाई न करता, ती फाडून नेलेली होती.